उठवणाराच झोपला तर

"चिप झोपते, ते बरोबर आहे," ती म्हणाली. "पण मग उठत नाही."

बैठकीच्या खोलीत सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. भिंतीवर कोड दिसत होता. चिप होती कानात घालायच्या श्रवणयंत्राची. आसपास शांतता असली की बॅटरी वाचवायला झोपायचं, कोणी बोललं की जागं व्हायचं, एवढंच तिचं काम. हा कोड म्हणजेच चिपचा आराखडा, आणि चार वाजता तो कारखान्यात जाणार होता. एकदा गेला की गेला.

कोड काकांचा; ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणत. बावीस वर्षं चिपा बनवणारा माणूस. त्याच्या कोडात चूक काढणारी ही बाई नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते.

"उठवायला वेगळा भाग ठेवलाय की," काका म्हणाले.

"ठेवलाय. पण दोनशे चौदाव्या ओळीत त्याचीही वीज तोडलीय तुम्ही."

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे सगळ्यांना हाक मारून उठवायचं ज्यानं, तोच डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपलाय."

"चाचणीत तर उठत होती!" चाचणीवाले दोघं एकदम म्हणाले.

"चाचणीत आपण त्या भागाला बाहेरून वीज देतो. एखाद्या आजीच्या कानात कोण देणार?"

काका उठून भिंतीपाशी गेले. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांचे कान लाल झाले.

"तीन महिने रोज बघतोय मी या ओळीकडे," ते पुटपुटले आणि जागेवर जाऊन बसले.

तिला वाईट वाटलं. पण मनातून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. साडेतीनच्या आत तिनं ओळ दुरुस्त केली आणि चौघांना मंजुरीसाठी मेल पाठवली.

मिनिटभरात साहेबांचं उत्तर आलं, "उत्तम! मंजूर." पाठोपाठ चाचणीवाल्यांची. एकानं लिहिलं होतं, "बारकाईनं पाहिलं. अगदी निर्दोष." तिनं ते तीनदा वाचलं.

काकांचं मात्र काही येईना. पावणेचार झाले. रुसले वाटतं, ती मनात म्हणाली. बावीस वर्षांचा अनुभव, पण एवढीशी चूक पचत नाही! दहा मिनिटं उरली तेव्हा ती तडक त्यांच्या टेबलाशी गेली. काका पडद्याला नाक लावून बसले होते.

"काका, सगळ्यांची मंजुरी आली. फक्त तुमच्यावाचून अडलंय."

"अगं, मी केव्हाचा वाचायला बसलोय," काका ओशाळून म्हणाले. "पण तुझ्या मेलमध्ये फाइलच सापडत नाहीये मला. माझंच काहीतरी चुकत असेल. तू जोडलीयस ना?"

तिनं वाकून पडद्यावर पाहिलं. मेलला फाइल जोडलेलीच नव्हती.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. शेजारची खुर्ची त्यांनी पायानं पुढे ओढली.

"बस," ते म्हणाले. "फाइल इथंच उघड आणि ती ओळ मोठ्यानं वाच."