मन लावून पाहिलेलं चित्र

कला अमर असते. ‘रंगकट्टा’ या संकेतस्थळावर ती वर्षभर टिकते. तेवढ्या काळात कॅमेऱ्यासमोर बसून माणसाच्या डोळ्यांनी कुणी मन लावून पाहिलं नाही, तर चित्र पुसलं जातं. तिथेच ओळख झालेल्या वृंदाने काढलेलं तिचं स्वतःचं चित्र विजयाताई सहा वर्षं जगवत होत्या. प्रत्यक्ष भेट कधी झालीच नाही, आणि आता वृंदाही नव्हती. यंदा विजयाताईंचे मोतीबिंदू काढून दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसली आणि पडद्यावर उमटलं, ‘मानवी डोळा आढळला नाही.’

“अहो, तुम्ही बघा ना! आज शेवटचा दिवस आहे.”

यजमान वाकले. “बघितली. म्हैस झकास जमलीय.”

“वृंदा आहे ती! घोंगडी पांघरून बसलीय.”

‘लक्ष नव्हतं,’ असं उमटलं आणि चित्र विरत गेलं.

नव्या भिंगांतून विजयाताईंना ते अगदी स्वच्छ दिसलं.