खालचा थर

मथुराबाई कासारणीने मंगलाच्या उजव्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली. मंगला पाटावरून उठली नाही. पदराखालचा डावा हात तिने बाहेर काढला. तो मनगटापाशीच संपत होता.

"हाही भरा."

थोरली जाऊ सुलभा आतून लगबगीने आली. नवरीची आई ती. "मंगला, आजच्या दिवशी हट्ट नको करू. बांगडी घसरून फुटली तर? पोरीची हळद आहे माझ्या."

"फुटली तर माझी फुटेल."

"अगं, पण हात कुठे आहे?"

"आहे. आत्ताही मूठ वळलेली आहे. दुखतेय."

"भास आहे तो तुझा. केळीच्या खोडातून सूत काढायच्या मशीनने हात नेला, सगळ्या शाहपूरने पाहिलं."

"भास नाही, आई." सुलभाची मोठी मुलगी पूर्णिमा तांदूळ निवडायचे थांबली. ती शहरात मेंदूच्या चित्रांवर संशोधन करायची. मागच्या महिन्यात काकूला तिनेच त्या मोठ्या चुंबकाच्या यंत्रात निजवलं होतं. "हात हलवणाऱ्या मेंदूच्या सालीत थर असतात. आता यंत्रात ते वेगवेगळे दिसतात. नुसतं मनात आणलं की वरचा थर जागा होतो. हाताला हुकूम सुटतो तो खालच्या थरातून. काकूला मूठ उघडायला सांगितली, तेव्हा खालचा जागा झाला. ती हात खरंच हलवते."

"मग आम्हाला का दिसत नाही?"

"हुकूम निघतो. घ्यायला कुणी उरलं नाही."

"तुझं सायन्स तिकडे ठेव. लगीनघर आहे हे. लोक शकुन बघतात."

"बघू देत," मंगला म्हणाली. "पूर्णिमाचं चित्र नसतं, तरी मी हात पुढे केलाच असता." तिने भरलेला उजवा हातही कासारणीपुढे धरला. "मथुराबाई, दोन्ही भरा. नाहीतर याही काढा."

सवाशिणीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायच्या, त्याही हळदीच्या दिवशी! कुणीतरी "अगं बाई" म्हणालं.

मथुराबाईने टोपलीतून चार बांगड्या निवडल्या. मंगलाचं डावं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि जन्माच्या सवयीने म्हणाली, "हात सैल सोडा, बाई. अंगठा आत घ्या."

मंगलाने जावेकडे रोखून पाहिलं आणि अंगठा आत घेतला.