उणे साठ
तास संपून वर्ग रिकामा झाला, तशी निलोफर फिजिक्सच्या गवाणकर सरांपुढे येऊन उभी राहिली. "सर, मला सायन्स जमणार नाही. आर्ट्सला जाते," म्हणत तिने चाचणीचा पेपर पुढे केला. दोन मायक्रोकूलॉमचा प्रभार पन्नास व्होल्टपासून वीस व्होल्टपर्यंत नेताना झालेलं कार्य तिने अधिक साठ काढलं होतं. सरांनी फुली मारून 'उणे' लिहिलं होतं.

"चिन्हच तर चुकलंय," म्हणत सरांनी फळ्यावर गणित मांडलं. उत्तर अधिक आलं. पुसून पुन्हा मांडलं, तर उणे. बावीस वर्षं शिकवलेलं गणित!

"माझंही असंच होतं, सर," ती हळूच म्हणाली. "प्रभार विद्युतक्षेत्राने नेला की आपण, तेच कळत नाही."

सरांनी स्वतः काढलेला प्रश्न पुन्हा वाचला. कार्य कोणी केलं, हे त्यात लिहिलंच नव्हतं.

"प्रश्नच माझा चुकला, पोरी. क्षेत्राने केलेलं कार्य अधिक. तुझं उत्तर बरोबर आहे."

"आणि उणे साठ?"

"आपण केलेलं. तेही बरोबर."

ती आणखीच गोंधळली. पण सर फळ्याकडे वळले, तेव्हा पहिल्या बाकावर बसून तिने वही उघडली.