निर्व्याज

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या यादवरावांच्या खात्यात दोनशे पौंड जमा झाले. पाठवणारी त्यांची नात दिया, एडिनबराला पीएचडी करणारी. त्यांनी लगेच फोन लावला.

“हे कसले पैसे गं?”

“पहिला हप्ता, आजोबा! तुम्ही माझी फी भरली ना, ते लोन. आता दर महिन्याला येणार. मी बाहेरचं लंच बंद केलंय.”

“कर्ज आहे असं कोण म्हणालं?”

“तुम्हीच! पैशांबरोबरच्या कार्डवर लिहिलं होतं, ‘निर्व्याज प्रेमाने’. विदाउट इंटरेस्ट! माझी पीएचडीच व्याजावर आहे, आजोबा. चारशे वर्षांपूर्वी इकडचे पाद्री ओरडायचे, व्याज घेणं पाप. व्यापारी म्हणायचे, रेट उतरवा, ट्रेड वाढेल. एवढं भांडून पार्लमेंटने दहा टक्क्यांचे आठ केले, आणि तुम्ही डायरेक्ट झिरो! मी सुपरव्हायझरला पण सांगितलं.”

हसावं की रडावं, यादवरावांना कळेना. “अगं वेडे, इथे व्याज म्हणजे कपट. निर्व्याज म्हणजे मनात काही न ठेवता दिलेलं.”

“मग नुसतं ‘प्रेमाने’ लिहायचं ना!”

“लाज वाटली गं,” ते म्हणाले, आणि फोन ठेवून त्यांनी पैसे परत पाठवले.

साडेदहाला पैसे पुन्हा आले. त्यांनी पुन्हा पाठवले. दुपारी चार वाजेपर्यंत त्याच दोनशे पौंडांच्या सहा खेपा झाल्या होत्या. चारला ते दियाच्या खात्यात होते, आणि यादवराव फोन हातात धरून बसले होते.