सकाळी सातचं पत्र

"दोन वाजेपर्यंत सांगायचंय," जयवंत म्हणाला. डबा उघडायचं सोडून त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. "नागपूरवाले आता थांबायला तयार नाहीत. येतोस की नाही, एवढंच विचारतायत."

सव्वा वाजला होता. अंधेरीत मेघयान कंपनीच्या हँगरमागे जे कॅन्टीन आहे, तिथे एरवी या वेळी बसायला जागा मिळायची नाही. आता अर्धी टेबलं रिकामी होती. इंजिनाचे सुटे भाग जगात कुठेच मिळत नव्हते, इंधनाचे भाव आभाळाला टेकलेले. सगळ्याच विमान कंपन्यांची वाट लागली होती. मेघयानची चौतीस विमानं, त्यातली एकवीस नुसती उभी. उभ्या विमानांना इंजिनिअर किती लागतात, हे पंधरा वर्षं विमानं दुरुस्त करणाऱ्या जयवंतला कुणी सांगायची गरज नव्हती. तिकडे नागपूरच्या इंजिन दुरुस्तीच्या कारखान्यात जुन्या इंजिनांची रीघ लागली होती, म्हणून बोलावणं आलं होतं.

"हो म्हण आणि मोकळा हो," चेतना म्हणाली.

चेतना पूर्वी चेक-इन काउंटरवर होती. उड्डाणं घटली तसं तिला तिसऱ्या मजल्यावर हेड ऑफिसात बसवलं, प्रवाशांच्या तक्रारींना उत्तरं लिहायला. जेवायला मात्र ती रोज खाली यायची, या दोघांबरोबर.

तिसरा सिद्धेश. सामान चढवणाऱ्यांचा सुपरवायझर, तोंडाने फटकळ. "दादा, चेतना बरोबर बोलतेय. गरज नसताना दहा नवीन विमानं कुणी घेतली? आपल्या रेगे साहेबांनीच ना? त्या माणसाच्या भरवशावर तू बसणार?"

"सगळ्याच मालकांनी घेतली रे," जयवंत म्हणाला. "पण दुसऱ्या कुठल्या मालकाने स्टाफला एक ओळ लिहिलीय? आपला माणूस रोज सकाळी सातला पत्र पाठवतो. महिना झाला, एक दिवस चुकला नाही."

"पत्राने विमान उडतं का?"

"आजचं वाचलंस तू?" जयवंतने फोन सुलटा केला आणि वाचायला लागला. "'आपल्या एका इंजिनिअरच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन दीड महिन्यापूर्वी सोमवारी झालं. मंगळवारी तो ड्युटीवर हजर होता. आई आता काठी न घेता मोरीपर्यंत जाते, हे ऐकून मला बरं वाटलं.' माझी आई आहे ही, सिद्धेश. एवढ्या धबडग्यात साहेबाला माझ्या आईचा गुडघा माहितीय."

सिद्धेशने फोन ओढून घेऊन ते वाक्य पुन्हा वाचलं.

"त्यांना कसं कळलं पण?" चेतनाने विचारलं.

"रजेच्या अर्जातून. अर्ज वाचत असणार ते."

"अर्जात तू 'घरगुती कारण' लिहिलं होतंस. तूच सांगितलंस इथे."

"मग मॅनेजर बोलला असेल. तुला काय त्याचं?"

"मोरीचं पण मॅनेजरने सांगितलं?"

"चेतना, तुला आजकाल सगळ्यात खोटच दिसते. तक्रारी वाचून वाचून डोकं फिरलंय तुझं." तो हसला. "आणि खाली सही आहे त्यांची. आमच्या धंद्यात सही म्हणजे काय, तुला ठाऊक आहे. मी चाक बघितलं म्हणून सही केली, म्हणजे माझ्या डोळ्यांनी बघितलं. न बघता केली तर लायसन जातं माझं. माणूस रोज नाव घालून लिहितो की मी तुम्हाला सोडणार नाही, ती सही मी मानतो."

"सगळ्यांच्या सह्या तुझ्यासारख्या नसतात रे."

पावणेदोनला मुलुंडहून नलिनीचा, जयवंतच्या बायकोचा, फोन आला. कॅन्टीन एवढं शांत होतं की तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता. "आईंचं मी बघते. तुम्ही हो म्हणा. मला भीती वाटते हो." जयवंत नुसता हं हं करत राहिला.

त्याने फोन ठेवला आणि नागपूरचा नंबर काढला. चेतनाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"जयवंत, थांब. माझं ऐक. जा तू. भावासारखा आहेस म्हणून सांगतेय, जा."

सिद्धेशने मान वर केली. "तुला काही माहितीय का गं? वरच्या मजल्यावरचं?"

चेतनाने हात काढून घेतला. शेजारच्या टेबलावर दोघे जण चहा पीत होते, त्यांच्याकडे तिने एकदा बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "मला कुठून माहीत असणार?"

"मग झालं तर," जयवंत म्हणाला, आणि त्याने नंबर लावला. आभारी आहे, पण कंपनी सोडून येता येणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. पलीकडच्याने फार आग्रह केला नाही. त्यांच्याकडे माणसांची रांग होती.

मग त्याने डबा उघडला. कितीतरी दिवसांनी त्याला खरी भूक लागली होती. त्याने सुक्या जवळ्याची चटणी चेतनापुढे सरकवली, पण तिला काही जाईना. डोकं दुखतंय म्हणून ती उठली.

तिसऱ्या मजल्यावर तिने कॉम्प्युटर सुरू केला. वरिष्ठांचा निरोप येऊन पडला होता: "आजचं झकास जमलंय. गुडघ्याचं वाक्य फारच छान. उद्याचं चारपर्यंत दे. साहेब दुबईहून परत येत नाहीयेत, तेव्हा त्यांना दाखवायचा प्रश्न नाही. सही नेहमीसारखी आपणच टाकू."

चेतनाने डोळे पुसले, आणि उद्याचं पत्र लिहायला घेतलं. "प्रिय सहकाऱ्यांनो, काल आपल्यातल्या एकाला बाहेरून मोठं बोलावणं आलं होतं. तो गेला नाही."