आडव्या कुंड्या

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण मायेची आहे. लांबून ऐकली तर निसटून जायची.

वनस्पती उद्यानाच्या काचघरात एक बाई अपराध्यासारख्या उभ्या होत्या. वय एकसष्ट, गळ्यात ‘इंटर्न’ लिहिलेला बिल्ला. छत्तीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, म्हणून बागेतही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. आई आता शिकून कुठे नोकरीला लागणार, अशी लेकीने घरी चेष्टाही केली होती. सिस्टरना नोकरी नको होती. झाडांची सेवा हातून घडावी, एवढंच.

आणि पहिल्याच आठवड्यात हे असं.

मागच्या फळीवर चाळीस कुंड्या आडव्या पडलेल्या, माती कोरडी ठणठणीत. कुणा मेल्याने पाडल्या म्हणून सिस्टरनी एकेक उचलून सरळ केली आणि मुख्य माळी रजेवर होते ते चार दिवस दोन्ही वेळा पोटभर पाणी घातलं. आज माळी परत आले आणि फळीपुढे थांबले. मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं, की आत कंद आहेत. पानं झडली की ते चार महिने झोपतात. चुकून कुणी पाणी घालू नये म्हणूनच कुंडी आडवी करून ठेवायची. ओलीने कंद कुजतो, आणि ही जात सबंध बागेत एवढीच.

सिस्टरनी बिल्ला काढून पुढे केला. घ्यायला माळ्यांचे हात रिकामे कुठे होते? ते कुंड्या पालथ्या करत सुटले होते.

कंद वरून सगळे सारखेच टणक. माळी अंगठ्याने दाबून पाहत, पण काही उमगेना. सिस्टरनी एक उचलून नाकाशी नेला. मग दुसरा. अकरावा बाजूला ठेवला.

“हा आतून बिघडलाय.”

माळ्यांनी चाकू घातला. मधोमध काळा डाग.

“वरून तर चांगला होता. कळलं कसं?”

“जखमेची पट्टी सोडायच्या आधी कळायचं मला.”

दुपारपर्यंत चाळीसही कंद हुंगून झाले. सहा बिघडलेले निघाले, त्यांचा काळा भाग कापून राख लावली. चौतीस कागदावर वाळत पसरले. सिस्टरनी मान खाली घालूनच विचारलं, की उद्यापासून येऊ नको ना.

“या की,” माळी म्हणाले. “फक्त इस्पितळातली सवय सोडा. झोपलेल्या पेशंटला उठवून झोपेची गोळी देता ना तुम्ही, तसलं इथे चालायचं नाही.”

तर मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आपलं मागून झालं की त्या सिस्टरचीही आठवण काढा. इंटर्नशिपचे सात आठवडे अजून बाकी आहेत, आणि बाईंचा हात फार सढळ.