यानाचा कान

"यानाचं काम संपलं. उद्यापासून अँटेना दुसऱ्या मोहिमेला. याच्याशी बोलणं बंद," संस्थेतले सर म्हणाले.

यानाचा प्रोग्राम हेमांगीनंच लिहिला होता. पृथ्वीवरून हाक आली नाही, की आपलाच रिसीव्हर बिघडला असं समजून यान दुसरा सुरू करणार आणि वाट बघत राहणार.

"सर, निदान बंद हो, एवढं तरी कळवू त्याला."

"यंत्र आहे ते. राहू दे."

घरी जाताना तिनं देवरुखला वडिलांना, अप्पांना, फोन लावला. दिवाळीपासून राहूनच गेला होता. ती कामात असेल म्हणून अप्पा आपणहून करत नसत.

"आला बाई आवाज," अप्पा हरखले. "फोनच बिघडलाय वाटून दोनदा दुकानात दाखवला. दुकानदार म्हणे, काही झालेलं नाही. शेवटी काल नवाच घेतला. बघ, लगेच तुझा फोन आला."